पाणी की पू, ते आधी विचार

बस इथं ओट्यावर. आत नको, आई जागी आहे. तिला हल्ली अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ती मनानं भरते. मग उद्या अख्ख्या चौकात बातमी, की पोराचं फुप्फुस काढणार आहेत. हा चहा घे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या, तोंडावर दिसतंय.

डॉक्टर म्हणाले नळी टाकावी लागेल, आणि तू "घरी विचारून सांगते" म्हणून बस पकडून आलीस. रागावणार नाही मी, बाय. तीस वर्षं छातीच्या वॉर्डात काढली, हे वाक्य रोज ऐकलं. पण एक सांग, ते पाणी म्हणाले की पू म्हणाले? बघ, आठवत नाही ना? नळी हा शब्द कानात शिरला की पुढचं कुणालाच ऐकू येत नाही.

सगळा घोळ या दोन शब्दांतच आहे. आपल्याकडे सरसकट "फुप्फुसात पाणी झालं" म्हणतात. खरं तर ते फुप्फुसात नसतंच. फुप्फुसावर एक पातळ पापुद्रा असतो, बरगड्यांना आतून तसाच दुसरा, आणि दोहोंच्या मध्ये चमचा-दोन चमचे ओलावा, श्वास घेताना घासू नये एवढाच. शेजारी न्यूमोनिया झाला, टीबीचे जंतू पोचले, की त्या फटीत पाणी साचायला लागतं. कधी लिटर, कधी दोन लिटर. फुप्फुस बिचारं कोपऱ्यात दाबलं जातं. या साचलेल्या पाण्याच्या जाती असतात, आणि जातीप्रमाणे इलाज उलटा होतो. गंमत अशी, की जिथं नळीची गरज नसते तिथं नातेवाईक "सगळं पाणी काढा" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात, आणि जिथं नळीशिवाय गत नसते तिथं घरी विचारायला येतात.

माझंच घे. तू तेव्हा सातवी-आठवीत होतीस, तुला कोणी खरं सांगितलं नाही. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते मी. उजव्या कुशीत कळ यायची, दीर्घ श्वास घेतला की सुरी फिरवल्यासारखी. संध्याकाळी अंगात कणकण. ज्या डॉक्टरला दाखवलं तो म्हणाला, गॅस आहे, वर पेशंट उचलून स्नायू दुखावलाय. पाच आठवडे मी गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. दिवसभर दुसऱ्यांचे एक्स-रे हातात धरणारी मी, स्वतःचा काढला नाही. सहाव्या आठवड्यात जिना चढताना मधल्या पायरीवर बसले, ती उठलेच नाही. मग सुई घालून पाणी काढलं. गवताच्या काडीसारखं पिवळट, स्वच्छ, सिरिंजमध्ये धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. तो टीबी होता, फुप्फुसावरच्या पापुद्र्याचा.

मला नळी टाकली नाही. तपासायला थोडं आणि दम कमी व्हायला थोडं, एवढंच काढलं. बाकीचं गोळ्यांनी आपोआप जिरलं. टीबीचं स्वच्छ पाणी असंच जिरतं, त्याला उपसत बसायचं नसतं. आज सहा महिन्यांचा कोर्स असतो, पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. वजन करून गोळ्यांची संख्या ठरते. लघवी नारिंगी होते, त्यानं घाबरायचं नसतं. डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या किंवा रंग ओळखण्यात चूक व्हायला लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि नुसत्या पापुद्र्याच्या टीबीत, थुंकीत जंतू नसतील तर, घरातल्यांना सहसा लागण होत नाही. हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी सहा महिने ताट वेगळं ठेवलं. आपण होऊन. कुणी बोललं नव्हतं, पण कुणी बोलेल याची भीती होती. त्या ताटाचं मला अजून वाईट वाटतं.

तुझ्या पोराचं तसं नाही. रिपोर्ट आण इकडे. हे बघ, "प्यूरुलंट" म्हणजे पू. साखर अठ्ठावीस. पीएच सात. हा आकडा ७.२ च्या खाली गेला, की आतले जंतू पाणी नासवताहेत असं धरतात, आणि मग नळीला पर्याय नसतो. हे पाणी जिरणारं नाही. तू दुपारी फोनवर विचारत होतीस, चांगल्यातलं इंजेक्शन देऊन नाही का भागणार? अगं, इंजेक्शन रक्तातून जातं. पुवाच्या डबक्यात रक्त कुठून जाणार? कडेकडेनं जाईल, मध्ये पोचायचं नाही. गळू झालं तर आजीसुद्धा आधी पोटीस बांधायची आणि फुटायची वाट बघायची. हे गळूच आहे, फक्त बरगड्यांच्या आत आहे आणि आपोआप फुटायला त्याला जागा नाही.

हे झालं कसं, ते तुला मनातून ठाऊक आहे. बोटीवर आठ दिवस ताप अंगावर काढला. उतरल्यावर एक इंजेक्शन, दोन दिवस बरं, परत समुद्रात. आणि ती किडलेली दाढ. हसू नकोस. गुटखा आणि किडके दात यांतले जंतू झोपेत लाळेबरोबर खाली उतरतात, आणि त्यांनी झालेल्या पुवाला वास येतो. सुईनं पाणी काढताना डॉक्टरांनी नाक मुरडलं म्हणालीस ना, ते त्याच्यामुळे. सगळे शेजारी धावगीच्या कचऱ्याच्या डंपिंगच्या धुराला नावं ठेवताहेत. तो धूर वाईटच आहे, खोकला, दमा सगळं करतो, त्याच्याबद्दल भांडायचं तेवढं भांडू. पण हा पू धुरानं झालेला नाही.

वॉर्डात असताना तिसरीही एक तऱ्हा बघितली, चॉकलेटी पू. लालसर-तपकिरी, दाट. तो छातीचा नसतोच. यकृतात अमीबाचं गळू होतं, दारू पिणाऱ्यांत जास्त, आणि ते वर पडदा फोडून छातीत उतरतं. तिथं औषधही वेगळं लागतं. म्हणून पू काढला की रंग काय होता, वास होता का, हे तू विचारून लिहून ठेव. कल्चरला पाठवला का, टीबीसाठी सीबीनॅट केलं का, तेही विचार. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाहीच असं मात्र धरू नकोस. छातीच्या पाण्यात ते जंतू थोडे असतात, सापडतीलच असं नाही. डॉक्टर मग त्याच पाण्यातलं एडीए बघतात, पेशी बघतात, कधी पापुद्र्याचा तुकडा काढून तपासतात. कुणी रक्तातून टीबी सांगतो म्हणालं तर मात्र पर्स उघडू नकोस. ती रक्ताची चाचणी सरकारनं २०१२ मध्येच बंद केली, चुकीची उत्तरं देते म्हणून.

आता नळी. तुला तीच हवी आहे ऐकायला, मला कळतंय.

बसवतात किंवा आडवा करतात, हात डोक्यावर. सोनोग्राफी लावून पू नेमका कुठं आहे ते बघून काखेखाली खूण करतात. भूल त्या जागेपुरती. सुई टोचल्याचं दुखतं, मग दाब जाणवतो, मग पोरगा खोकतो. तो खोकला चांगला. नळीचं दुसरं टोक बाटलीत, बाटलीत पाणी, आणि टोक त्या पाण्याखाली बुडवलेलं. का? बाहेर यायचं ते पाण्यातून बाहेर येतं, पण बाहेरची हवा पाण्यामुळे आत जात नाही. इतकी साधी युक्ती. त्या नळीतलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली होतं. रात्रपाळीला मी टॉर्च घेऊन तेवढंच बघत फिरायचे. वर-खाली होतंय, ठीक. थांबलं, तर एकतर नळी चोंदली, नाहीतर फुप्फुस पूर्ण उघडलं. पहिलं वाईट, दुसरं उत्तम, आणि कुठलं ते एक्स-रे सांगतो.

तुझं काम एवढंच. बाटली कायम छातीच्या खाली. पलंगावर ठेवायची नाही, संडासला जाताना हातात खाली धरून न्यायची. एकदा एका बाईनं चादर बदलायला नवऱ्याची बाटली उचलून उशाशी ठेवली होती. सगळं परत आत. बाटलीत बुडबुडे येत असतील तर कुणी चिमटा लावू नये. नळी त्याच्या अंगाखाली दुमडून बसली नाही ना, हे तासातासाला बघ. आणि निसटलीच, तर घाबरून ती परत खुपसायची नाही, जागेवर कापड दाबून धरायचं आणि सिस्टरला हाक मारायची. लिटर-दीड लिटरच्या वर एकाच वेळी काढत नाहीत, फुप्फुस एकदम उघडलं तर तेही सोसत नाही त्याला. त्यामुळे "आज एवढंच का काढलं" म्हणून भांडू नकोस.

तुला कप्प्यांचं पण सांगितलं ना? सीटी स्कॅनमध्ये कप्पे दिसताहेत. ते असं असतं बघ. पू नवीन असतो तेव्हा पाण्यासारखा वाहतो. आठवडाभरात त्यात धागे पडतात, डोलीच्या जाळ्यासारखे, आणि एका तळ्याची दहा डबकी होतात. मग एका नळीतून सगळं येत नाही. आणखी तीन-चार आठवडे गेले की फुप्फुसावर साय धरते, सायीची जाड साल होते. ओला बोंबील वलांडीवर सुकत टाकलास तर पहिल्या दिवशी वाकतो, चार दिवसांनी मोडतो. तसं. फुप्फुस सालीत अडकलं की पू गेला तरी ते फुलत नाही. तुझा पोरगा मधल्या पायरीवर आहे. म्हणून डॉक्टर घाई करताहेत आणि म्हणून मी तुला रात्री अकरा वाजता बोलावून घेतलं.

या पायरीवर नळीतून औषध सोडून ते धागे विरघळवता येतात. नळी काही तास बंद ठेवतात, मग सोडतात. आपल्याकडे यूरोकायनेज, स्ट्रेप्टोकायनेज वर्षानुवर्षं वापरतात, लहान मुलांत यूरोकायनेज विशेष. २०११ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी दोन औषधं जोडीनं देऊन बघितली, एक धागे तोडणारं, दुसरं पुवाचा चिकटपणा कमी करणारं. जोडीचा गुण आला, एकेकट्याचा नाही. ती जोडी महाग पडते. मिळाली तर बरं, नाही मिळाली म्हणून रडू नकोस. रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून कुठलं रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, तेवढं सांग.

दोन-चार दिवसांत ताप उतरला नाही, एक्स-रे तसाच राहिला, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पूर्ण भूल, बरगड्यांमध्ये दोन-तीन छिद्रं, आतले कप्पे मोडून सगळं धुऊन काढतात. फुप्फुस काढत नाहीत. हे मी परत सांगते, आईलाही सांग: फुप्फुस काढत नाहीत. साल जाड झाली असली तर छाती उघडून ती सोलावी लागते, ते मोठं काम, पाठीवरून काखेपर्यंत टाके. आणि ज्याला तेही झेपणार नाही, म्हातारा, हृदयाचा, त्याला बरगडीचा तुकडा काढून कायमची खिडकी ठेवतात, रोज ड्रेसिंग. ती बघायला कठीण. पण अशी माणसं वर्ष-वर्ष ड्रेसिंग करून बरी होऊन चालत गेलेली मी बघितली आहेत.

खरं म्हणजे कधी काढायचं आणि कसं काढायचं, हे शिकायला माणसं मेली आहेत. १९१८ साली अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत न्यूमोनियानं छातीत पू झालेल्या शिपायांची छाती लगेच उघडायचे. हवा आत शिरायची, फुप्फुस बसायचं, शंभरात तिसाच्या आसपास जायचे. ग्रॅहॅम नावाच्या सर्जननं आणि त्याच्या समितीनं सांगितलं, घाई करून छाती उघडू नका, हवा आत जाणार नाही अशी बंद नळी लावा. मृत्यू पाचाच्या खाली आले. ती बंद नळी म्हणजेच तुझ्या पोराची बाटली. पुढल्याच वर्षी, २९ डिसेंबर १९१९ ला, विल्यम ऑस्लर गेला. त्या काळातला जगातला सगळ्यात नावाजलेला फिजिशियन, निम्म्या जगानं त्याचं पुस्तक वाचून वैद्यकी शिकलेली. न्यूमोनिया आणि छातीत पू. त्याच्या काळी बंद नळी होती, आपल्याकडची अँटिबायोटिक्स नव्हती. दोन्ही लागतात, बाय. म्हणून इंजेक्शनं चालूच राहणार, नंतर घरी गोळ्या, सगळं मिळून तीन-चार आठवडे तरी, कधी सहा. ताप गेला म्हणून पोरगा बोटीवर चढला तर मी बंदरावर येऊन उतरवीन त्याला.

खाण्याचं ऐक. तो अंडं नको म्हणतो, मासळीचा वास नको म्हणतो. दिवसाला वाटी-वाटी पू जातोय, तो पू म्हणजे अंगातलं प्रथिनच. अंडी, डाळ, दूध, बोंबलाचं कालवण, जे उतरेल ते. वॉर्डात पेशंट हट्ट करायला लागला की मी गांधीजींची गोष्ट सांगायचे. १९१४ मध्ये लंडनला त्यांना प्लुरसी झाली, हेच फुप्फुसाच्या आवरणाचं दुखणं. फळं आणि दाण्यांवर राहत होते. डॉ. जीवराज मेहतांनी दूध घ्या, धान्य घ्या म्हणून डोकं फोडलं. शेवटी गांधीजी ज्यांना गुरू मानायचे त्या गोखल्यांपर्यंत गेलं प्रकरण. गोखले म्हणाले, डॉक्टरांचं ऐका. गांधीजींनी विचार करायला एक दिवस मागितला आणि गोखल्यांनाही नाही म्हणाले! थंडीत ते दुखणं काही पूर्ण जाईना, तसेच बोटीत बसले, जानेवारी १९१५ मध्ये मुंबईला उतरले. तेच जीवराज मेहता पुढे आपल्या केईएमचे डीन झाले. पेशंट हसायचे आणि अंडं खायचे. तुझ्या पोराला सांग, तू गांधी नाहीस, खा.

पैशाचं मनाला लावून घेऊ नकोस. रेशनकार्ड आणि आधार सोबत ने, आणि हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथं आधी जा. महात्मा फुले योजनेत हे बसतं का, कुठल्या हॉस्पिटलात बसतं, ते त्याच्याकडून ऑपरेशनच्या आधी विचार, नंतर नाही. टीबी निघालाच तर औषधं सरकारी केंद्रात फुकट, आणि खायला महिन्याला हजार रुपये खात्यात येतात. आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झाले. त्यासाठी बँकेचं पासबुक. वेलंकणी माउलीला नवस बोललीस ते बरंच केलंस, मीही बोलले आहे.

घरी आल्यावर ते तीन चेंडूंचं खेळणं देतील. सगळे त्यात फुंकतात. फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. चेंडू वर गेले की तसेच धरून ठेवायचे. नळीच्या बाजूचा खांदा दुखतो म्हणून माणूस त्या बाजूला झुकून बसतो आणि तसाच वाकडा होतो, त्याला आरशासमोर उभं कर. मग थोडं बळ आलं की संध्याकाळी इथल्या किल्ल्यापर्यंत चढ. आधी अर्ध्यापर्यंत. मी माझ्या वेळी तेच केलं होतं. पहिल्या दिवशी निम्म्यात बसले आणि दम जिरेस्तोवर समोर वसईचा किनारा बघत राहिले. महिन्यानं वर पोचले. आता तिथं चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, बसायला जागा आहे, तुम्हा लोकांची चैन.

उद्या पहिल्या बसनं निघू. मी येते बरोबर. सही तूच करायचीस, मी शेजारी उभी राहीन. डॉक्टरांना मी नर्स होते हे आधीच सांगू नकोस, मग ते इंग्रजीत बोलतात आणि तुला काही कळत नाही. कळलं नाही तर "परत सांगा" म्हण. दोनदा म्हण. नळी कुठल्या आकाराची, किती दिवस, औषध सोडणार का, कधीपर्यंत वाट बघून दुर्बीण ठरवणार, हे तुझ्या तोंडून जाऊ दे.

ती एक्स-रेची पिशवी दे. अगं, गुंडाळी करून रबर लावलंस? तडे जातात फिल्मला. दिवा लाव तो. हा कालचा, हा शुक्रवारचा. बोटीवरून उतरल्यावर काढलेला पहिला कुठाय? तोच बघायला मागतील आधी. गादीखाली? मग जा, आईला चाहूल लागू न देता काढून आण.